नव्या रंगाखालचा १९८२ चा बंगला

सांगलीत, कृष्णेच्या पात्रापासून चालत वीसेक मिनिटांवर, १९८२ साली बांधलेला बैठा बंगला. तीन गुंठ्यांचा प्लॉट, साडेबाराशे चौरस फुटांच्या आसपास बांधकाम, पुढे ओटा, मागे परसात गुलमोहर. भार घेणाऱ्या विटांच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब. घेणारे नवरा-बायको नोकरीसाठी सांगलीत आलेले, मूळचे सोलापूरचे. तो ज्युनियर कॉलेजात शिकवतो, ती सहकारी बँकेत आहे. सोबत त्याची आई आणि दोन शाळकरी मुलं. २०२३ च्या फेब्रुवारीत ७४ लाखांना खरेदीखत झालं, त्यातले ४५ लाख गृहकर्जाचे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घराची दुखणी मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं पाहतो. मला बोलावलं तेव्हा एक पावसाळा उलटला होता आणि पाच लाख आधीच घरात गेले होते: मॉड्युलर किचन, बाथरूमच्या टाइल्स, बाहेरून आतून रंग. त्यातलं किचन पुढे अर्धं उचकटावं लागलं. अशा घरांमध्ये पैसा कमी पडतो त्याहून जास्त वेळा तो उलट्या क्रमाने जातो. हे प्रकरण लिहून काढण्याजोगं वाटलं ते त्यामुळेच.

घेताना काय पाहिलं

कागद नीट पाहिले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. वकिलाकडून मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च, प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, जुना मंजूर नकाशा. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, त्याने मापं घेतली, फोटो काढले आणि अहवालात इमारतीचं उर्वरित आयुष्य तीस वर्षं लिहिलं. तो आकडा वाचून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण व्हॅल्युअरचं काम वेगळं असतं. कर्ज थकलं तर मिळकत विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढंच त्याला सांगायचं असतं. नुसत्या जमिनीच्या भावात ४५ लाख सुटत असतील तर स्लॅबमधली सळई बघण्याची त्याला गरज नसते आणि तो बघतही नाही. त्याच्या अहवालाला घराची तपासणी समजून बसलेली माणसं मला सतत भेटतात.

घर पाहिलं ते फेब्रुवारीत आणि तेही संध्याकाळचं. भिंतींना ताज्या पुट्टीचा वास होता. हॉलला आणि पुढच्या बेडरूमला पीओपीचं सिलिंग, त्यात पिवळे दिवे. मागच्या खोलीत भाडेकरूचं सामान होतं म्हणून तिचं दार ओढून घेतलेलं. शेजाऱ्यांशी बोलणं झालं नाही. झालं असतं तर निम्मी गोष्ट तिथेच कळली असती, कारण राहायला आल्यावर शेजारच्या काकूंनी न विचारताच सांगून टाकलं, "अगं, एकोणीसच्या पुरात आमच्या नि ह्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं की. तुम्हाला बोलले नाहीत ते?"

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. सांगलीकराला हे सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्या माणसाने मात्र पाटबंधारे खात्याने आखलेली पूररेषा नकाशावर पाहायची असते: निळ्या रेषेच्या आत बांधकामाला जवळपास मनाईच, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींसह परवानगी. हा बंगला लाल रेषेच्या आत, निळीच्या बाहेर होता. म्हणजे उद्या पाडून नवा बांधायचा म्हटला तरी जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर उचलावं लागणार.

पहिला पावसाळा

मे महिन्यात नव्या रंगावर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा उमटल्या. रंगाऱ्याने पुट्टी भरून दिली. जूनमध्ये संडासातलं पाणी गुडगुडायला लागलं, प्लंबरने ॲसिड ओतलं. बाथरूमच्या बोर्डाला हात लावला की मुंग्या येत, इलेक्ट्रिशियनने बटण बदललं. मागच्या दाराची चौकट वाळवीने आतून पोकळ केलेली निघाली, तिच्यावर औषध मारलं. जुलैत हॉलच्या सिलिंगवर चहा सांडल्यासारखा डाग पडला, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री पत्रावळीएवढा पीओपीचा तुकडा सोफ्याशेजारी कोसळला. त्याच्याबरोबर काँक्रीटचा ढेकूळही आला. सोफ्यावर कोणी नव्हतं म्हणून बरं.

प्रत्येक दुखण्याला वेगळा माणूस आला आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं पाहिलं. शेवटी आलेला वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, "मॅडम, वरनं आणखी एक कोबा मारून देतो. धा वर्षं बघायला नको." कोबा म्हणजे गळती थांबवायला गच्चीवर घालतात तो विटांच्या तुकड्यांचा जाड थर. दोन लाखांचं कोटेशन. बाई बँकेत कर्जाच्या फायली तपासणाऱ्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "आधीचा कोबा किती जाड आहे?" त्याला सांगता आलं नाही. त्यांनी ॲडव्हान्स दिला नाही आणि मला फोन केला.

छतावरचं वजन

आधी पीओपी पूर्ण उतरवायला लावलं. मग खालून छोट्या हातोडीने स्लॅब ठोकत गेलो. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने रेघ मारायची. हॉलच्या छताचा साधारण तिसरा हिस्सा खडूच्या आत आला. ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण फवारलं. काँक्रीट धडधाकट असेल तर ते लगेच गुलाबी होतं. इथे खालचा दीड इंच जसाच्या तसा करडा राहिला आणि गुलाबी रंग दिसला तो त्याच्या वर. सळई तर खालून अर्ध्या इंचावर होती.

त्याचा अर्थ असा. सिमेंटमुळे काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि तोवर आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत हा गुण मारत जातो. ही सीमा सळईपर्यंत पोचली आणि वरून पाणी मिळालं की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, त्यामुळे तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. आठ मिलिमीटरची सळई आम्ही घासून मोजली, काही ठिकाणी ती सहाची उरली होती. ऐकायला दोनच मिलिमीटर, पण छेदाचं क्षेत्रफळ काढलं तर ४४ टक्के लोखंड गेलेलं.

यात बांधणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. १९८२ च्या आगेमागे सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं, पोती परवान्यावर मिळत. त्याच सिमेंटवाटपाच्या वादात १९८२ च्या जानेवारीत अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. त्या काळातल्या घरांत सिमेंट हात राखून वापरलेलं पुष्कळदा सापडतं. आणि कव्हर, म्हणजे सळईखाली काँक्रीटचा पुरेसा थर, ठेवायला नीट ब्लॉक न लावता सळई थेट सेंट्रिंगच्या फळीवर टेकवून काँक्रीट ओतणं ही तर आजही न गेलेली सवय आहे.

मग गच्ची. एका कोपऱ्यात फूटभर चौकोन फोडून पाहिला. वर चायना मोझॅक, खाली चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याखाली जुना घोटाई केलेला थर, आणि त्याच्याखाली पुन्हा चार इंचांचा पहिला कोबा. स्लॅब साडेचार इंचांचा, त्याचं वजन चौरस मीटरला २९० किलोच्या घरात. दोन कोब्यांचं मिळून ३८० च्या पुढे. म्हणजे पाणी अडवण्यासाठी टाकलेला थर स्लॅबपेक्षाच जड झाला होता. बारा बाय चौदाच्या एका खोलीवर नुसत्या दुसऱ्या कोब्याचं ओझं तीन टनांच्या आसपास भरतं. स्लॅब मधोमध लवला, लवला म्हणून पाणी साचलं, साचलं म्हणून गळलं, गळलं म्हणून आणखी कोबा. तिसरा पडला असता तर त्याने काय केलं असतं, याचा हिशेब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. सासूबाईंनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे आजाऱ्याच्या अंगावर आणखी एक गोधडी."

काम दिवाळीनंतर काढलं. आधी खालून टेकू. मग कोबा पट्ट्यापट्ट्याने छिन्नी आणि हलक्या ब्रेकरने काढला, आणि मुकादमाला एकच ताकीद दिली: राबिट, म्हणजे फोडलेला माल, गच्चीवर ढीग करून ठेवायचं नाही, फोडलं की खाली. लवलेल्या स्लॅबवर ढिगारा रचून तो त्याच दिवशी पाडलेली कामं मी पाहिली आहेत. ओझं उतरल्यावर उताराचा पातळ थर आणि त्यावर जाळी घालून पॉलिमरचा लेप. कोब्याइतका भक्कम दिसत नाही, पाच-सात वर्षांनी वरचा हात पुन्हा द्यावा लागेल, पण वजन नगण्य. हे सव्वातीन लाखांत बसलं.

खालच्या बाजूला सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढलं, गंज घासला, जिथे लोखंड फार झिजलं होतं तिथे नव्या सळया जोडल्या, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टरचे थर. हॉलच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लोखंडी गर्डर दिला, म्हणजे स्लॅबचा गाळा, दोन आधारांमधलं अंतर, अर्धा झाला. बाईंना तो दिसायला आवडला नाही. सासूबाईंनी विचारलं, झोपाळा टांगता येईल का. येतो, गर्डर तेवढा जाड घेतला. या सगळ्याला साडेपाच लाख. यात एक मेख आहे आणि ठेकेदार ती सांगत नाहीत: ठिगळ लावलेली जागा सुधारते, तेव्हा गंज तिच्या कडेला, जुन्या काँक्रीटमधल्या सळईत सरकतो. म्हणून दरवर्षी पावसाळ्यानंतर हातोडीने ठोकून पाहणं चुकवायचं नाही, असं त्यांना लिहून दिलं आहे.

गटार आणि गुलमोहर

भिंतींच्या भेगांवर दुसऱ्या एकाने पायाखाली काँक्रीटचे खांब घालायचा सहा लाखांचा उपाय सुचवला होता. मी थांबायला सांगितलं. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर तारीख घालायची. भिंत हलली की काच तडकते. पुढच्या दाराजवळच्या पट्ट्या शाबूत राहिल्या. ईशान्येच्या आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांतल्या तडकल्या.

सांगलीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. सगळ्या घराखाली ती सारखीच फुगली-आक्रसली तर फार बिघडत नाही, कोपऱ्याकोपऱ्यांत फरक पडला की भिंत फाटते. ईशान्येला संडासाच्या चेंबरपासून निघालेली चिनी मातीची जुनी लाइन सांध्यात उकलली होती, तिथली माती बारा महिने ओली. नैर्ऋत्येला गुलमोहर, तो उन्हाळ्यात उरलीसुरली ओल शोषून घेणार. एक कोपरा वर उचलला जात होता, दुसरा खाली बसत होता. संडास गुडगुडत होता तोही याच लाइनमुळे, ॲसिडने काय होणार?

नवी पीव्हीसी लाइन, नवे चेंबर, आणि घराभोवती बाहेर उतार असलेली चार फुटी फरसबंदी. भिंतीला चिकटून केलेले फुलझाडांचे वाफे हलवले, त्यांना रोज घातलेलं पाणी पायातच मुरत होतं. मिळून एक लाख साठ हजार. मुख्य लाइनवर उलट वाहू न देणारा व्हॉल्व्ह बसवला, कारण पुरात घरात पहिलं पाणी दारातून येत नाही, संडासातून येतं. गुलमोहर तोडावा असा नवऱ्याचा आग्रह होता. शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हा एक भाग. दुसरा असा की मोठं झाड एकदम काढलं तर त्याने कोरडी ठेवलेली माती पाणी पिऊन फुगते आणि भिंत उलट दिशेने फाटू शकते. परवानगी काढून फांद्यांचा भार कमी करायचा, असं ठरलं. भेगा शिवायचं काम पूर्ण वर्षाचे ऋतू पाहून मगच केलं, त्याचे सव्वा लाख.

वायरिंग आणि पाणी थोडक्यात. बोर्डात एमसीबी नवे, पण आतली वायर ८२ सालची आणि अर्थिंग नाहीच. वायरमनने हॉलमधला, जमिनीपासून तीन फुटांवरचा स्विचबोर्ड उघडला तर पेटीच्या तळाशी वाळलेल्या बारीक गाळाचा वडीसारखा थर बसला होता. कमरेएवढ्या पाण्याची गोष्ट काकूंनी वाढवून सांगितली नव्हती. सगळं वायरिंग नवं, बोर्ड पाच फुटांवर, अर्थिंग, गळतीला तुटणारा ब्रेकर, आणि गंजाने बुजलेल्या जुन्या लोखंडी (जीआय) पाइपांच्या जागी प्लास्टिकचे सीपीव्हीसी. दोन लाख नव्वद हजार. वाळवीची प्रक्रिया आणि दोन चौकटी नव्वद हजार. पाइप बदलण्यासाठीच नवं किचन उचकटावं लागलं, तो दीड लाखाचा भुर्दंड वेगळा.

विकणाऱ्याशी

एकूण आकडा सतरा लाखांकडे जाताना दिसल्यावर बाई कोर्टात जायला तयार झाल्या. रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचा, उपयोग नाही. तिथली पाच वर्षांची दोषदायित्वाची तरतूद बिल्डरसाठी आहे, स्वतःचं जुनं घर विकणाऱ्यासाठी नाही. उरतो मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायचा असतो, लपवला तर कायदा त्याला फसवणूक मानतो. 'मिळकत समक्ष पाहून आहे त्या स्थितीत घेतली' हे खरेदीखतातलं ठरावीक वाक्य अशा फसवणुकीला सहज झाकत नाही.

वकिलांनी तक्रारीचे तीन ढीग केले. पूर: शेजारी विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून कमकुवत. गटार: विकणाऱ्यालाही ठाऊक असल्याचा पुरावा नाही. स्लॅब: इथे मात्र पकड होती. पीओपी उतरवताना दिसलं की सिलिंग लटकवणाऱ्या कारागिराने बाइंडिंगची तार उघड्या पडलेल्या, गंजलेल्या सळयांनाच बांधली होती. म्हणजे सिलिंग बसवताना सळया बाहेर आल्या होत्या आणि त्या झाकल्या गेल्या. उतरवण्याआधी आणि उतरवताना फोटो काढून ठेवा, असं मी सांगितलं होतं. तेच कामाला आले. दुरुस्तीच्या घाईत लोक पुरावाच राबिटाबरोबर ट्रॅक्टरमध्ये भरून देतात.

नोटीस गेली. विकणारे निवृत्त गृहस्थ पुण्याला मुलाकडे राहतात. मुलगा त्यांना घेऊन आला. टेकू लावलेल्या हॉलमध्येच बैठक झाली. काका म्हणाले, "सिलिंग भाडेकरूसाठी केलं हो, चांगलं दिसावं म्हणून." मुलाने वर पाहिलं, लोंबणाऱ्या तारा पाहिल्या आणि वडिलांना पुढे बोलू दिलं नाही. तीन लाखांवर तडजोड झाली, दोघांच्या सहीने, पुढे कसलाही दावा नाही असं लिहून. बाईंना ते कमी वाटलं, अजूनही वाटतं. माझ्या मते ठीक झालं. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालला असता आणि तोवर दुरुस्ती थांबवता आली नसती.

नंतर त्यांनी भारत गृह रक्षा पॉलिसी घेतली. तिच्यात पुराचं नुकसान येतं. झिजलेला स्लॅब किंवा जुनी गळती कुठल्याच विम्यात बसत नाही.

मागच्या खोलीचा स्लॅब अजून टेकूवर आहे. त्याची सळई इतकी गेली आहे की ठिगळ लावण्यात अर्थ नाही. तो तोडून नवा घालायचा, पण टॉप-अप कर्ज मंजूर झाल्यावर. दरम्यान नवऱ्याच्या धाकट्या भावाचा निरोप आला की आता एवढं केलंच आहे तर वर एक खोली चढवू. याला मी नाही म्हणालो. या भिंती आणि हा पाया एका मजल्याचे आहेत आणि माती काळी आहे. वर खोली हवीच असेल तर तिचे खांब घराच्या बाहेरून, स्वतःच्या पाइलवरून (जमिनीत खोलवर घातलेल्या पायाच्या खांबांवरून) उभे करावे लागतील, आणि त्याचा खर्च नव्या बांधकामाच्याच भावाने येईल. ते कोटेशन भावाने मागवलं आहे.